बाबांच्या तोंडचे शब्द

८ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. सोबतच्या पुठ्ठ्यात एक सीडी आहे. जपून उघड, सरळ कात्री चालवू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे.

बाबांना दवाखान्यातून घरी आणल्याचं मागच्या पत्रात कळवलं होतंच. उजवं अंग गेलं ते गेलंच. डावा हात थोडाफार उचलतात. बोलणं म्हणजे मोजके शब्द उरलेत, तेही तोंडात कापूस कोंबल्यासारखे. तू विचारलं होतंस, "खरं सांग, दिसतात कसे?" आता हे कागदावर कसं सांगणार? म्हणून कारखान्यातल्या एका दोस्ताचा कॅमेरा मागून आणलाय. तो म्हणाला, मला सध्या लागत नाही, वापर हवा तेवढा.

कॅमेऱ्याबरोबर एक साधा प्रोग्रॅम येतो. त्यात चित्राखाली एक पट्टी असते. तिच्यात मजकूर टाइप करायचा आणि तो किती वेळ दिसायला हवा ते माउसने ओढून ठरवायचं, झालं काम. तुला ऐकू येत नाही ही अडचण तेवढ्यापुरती मिटली. मराठी मात्र त्याला पचत नाही. जोडाक्षर आलं की दोन्ही अक्षरं भांडण झाल्यासारखी लांब लांब उभी राहतात. चालवून घे.

शूटिंग तुझ्या भाचीने, चिऊने केलंय, त्यामुळे मधेच जमीन दिसेल. तुझी वहिनी कॅमेऱ्यासमोर यायला तयार नाही, तिचा फक्त पदर आलाय. शेवटचा तुकडा नीट बघ. बाबा तुझ्याशी बोललेत.

तुझा पिल्या


१७ सप्टेंबर

प्रिय पिल्या,

अनेक आशीर्वाद. घरी संगणक नाही, म्हणून दुकान बंद झाल्यावर मालकीणबाईंना विचारून तिथल्या संगणकावर सीडी पाहिली. चष्म्याच्या भिंगांच्या कडा घासायचं माझं काम, त्यामुळे डोळ्यांत धूळ जातेच. डोळे पुसत बसले तर कुणी काही विचारत नाही, हा एक फायदा.

बाबा केवढे लहान दिसतात रे. अर्धं तोंड जागचं हलत नाही. हलतं त्या अर्ध्यावरून मी वाचलं. पट्टीवर तू लिहिलं आहेस, "बाळा, कशी आहेस?" "कशी आहेस" मला दिसलं नाही, पण "बाळा" मी स्वतः वाचलं. ओठ मिटले, उघडले, जीभ वर गेली. दोनदा. मग डावा हात उचलून त्यांनी मला हात केला.

मी निघाले तो दिवस तुला आठवत असेल. आजारात कान गेले तेव्हापासून बाबांचं एकच म्हणणं होतं, आता ही घरातच बसेल. मी परगावी शिकायला, नोकरीला जाणार म्हटल्यावर ते खूप काही बोलले. पण माझ्याकडे पाठ करून बोलले. मला वाचता येऊ नये म्हणून. ते काय म्हणाले हे मी तुलाही कधी विचारलं नाही आणि आता विचारायचं नाही. त्यानंतर इतक्या वर्षांत त्यांच्याकडून मला आलेला हा पहिला शब्द. मी तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला. शेवटी मालकीणबाईंनी दिव्याचं बटण खाली-वर केलं, म्हणजे आता घरी जा.

अजून पाठव. आणि पट्टीवर "आशिर्वाद" नव्हे, "आशीर्वाद". प्रोग्रॅमला दोष देऊ नकोस.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं आहे. काळजी करण्यासारखं नाही, पण मग बरेच दिवस प्रवास बंद.

तुझी ताई


५ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. दुसरी सीडी पाठवतोय. तुला वाटत असेल, हा कामावरून आला की आरामात बसून ओळी लिहितो. एक मिनिटाच्या चित्राला तासभर जातो. शब्द आधी आला तर ओठ मागून हलतात, उशिरा आला तर बाबा गप्प आणि खाली पट्टी बोलतेय. पण मजा येते. कारखान्यात दिवसभर लोखंड कापून आल्यावर अक्षरं हलकी वाटतात.

संगणक बाबांच्याच खोलीत ठेवलाय, माळ्याखालच्या कोपऱ्यात. घरात तेवढीच जागा मोकळी होती. चिऊसुद्धा अभ्यासाला तिथेच बसते, म्हणजे बाबांना सोबत होते. तो माळा तू पाहिलेला नाहीस. गेल्या वर्षी मी स्वतः केला. भिंतीत लोखंडी ब्रॅकेट, वर अँगल, त्यावर फरशा. दुरुस्तीला आणलेल्या मोटारी, डबे, जुन्या गाद्या, सगळा संसार वर गेला. नळाला पाणी कधीही जातं म्हणून उन्हाळ्यात टाकीसुद्धा तिथेच बसवली. आता बाबांची चादर केव्हाही धुता येते. तुझी वहिनी पहिल्यांदाच माझ्या एखाद्या वस्तूबद्दल चांगलं बोलली.

बाबा सारखं पाणी मागतात. आणून दिलं की ग्लास ढकलतात. पुन्हा "पाणी", पुन्हा ढकललं. आजारी माणूस आणि लहान मूल सारखंच. तेही चित्रात आलंय, बघ.

ऑपरेशनच्या आधी घाबरू नकोस. घाबरलीस तर बाबांची सीडी लाव.

तुझा पिल्या


१६ ऑक्टोबर

प्रिय पिल्या,

ऑपरेशन झालं. पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये आहे. मालकीणबाई भल्या बाई, त्यांनी मला दुकानामागच्या खोलीत राहायला जागा दिली आहे आणि संगणक उशाशी आणून ठेवला आहे. त्यामुळे तुझी सीडी आता मी भरपूर पाहते. इतकी, की तुला महागात पडेल.

बाबांचे ओठ दोनदा हलतात आणि खाली तू लिहितोस, "तुझी फार आठवण येते, तब्येतीला जप, दगदग करू नकोस." एवढं सगळं दोन उघडझापीत मावतं का? तू त्यांच्या मनातलं लिहितोस की तुझ्या, ते मला कळेनासं झालं आहे. रागावू नकोस. तुझा हेतू मला समजतो. पण माझं सगळं आयुष्य लोकांच्या ओठांवर चाललं आहे, तिथे भर घालू नये.

आणखी दोन गोष्टी. त्यांच्या पलंगामागच्या भिंतीवर वर एक काळा डाग आहे. पहिल्या सीडीत तो हाताच्या पंजाएवढा होता. या वेळी तो खाली उतरून आला आहे. तो कसला?

दुसरी गोष्ट चिऊची. ती संगणकासमोर येऊन बसते तो तुकडा तू एकट्याने नीट बघ. तिने खुर्ची ओढली की बाबांचा चेहरा बदलतो. हात वर जातो, तोंड भराभर हलायला लागतं. तू खाली लिहिलं आहेस, "चिऊ हुशार आहे." कौतुक करणाऱ्या माणसाचा चेहरा तसा दिसत नाही. ते कशाला तरी घाबरतात. चिऊने काही केलं आहे का? घरात काही झालं आहे का?

यापुढे ते म्हणतील तेवढंच लिही. एकच शब्द म्हणाले तर एकच.

तुझी ताई


३० ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. पाय बरा होतोय हे वाचून बरं वाटलं. बाकीचं वाचून तेवढं बरं वाटलं नाही.

चिऊने काही केलेलं नाही. घरात काही झालेलं नाही. पॅरालिसिसने चेहऱ्याची एक बाजू ओढली जाते, हे डॉक्टरांनी सांगितलंय. ते घाबरल्यासारखे दिसतात, हसल्यासारखे दिसतात, सगळं त्या ओढलेल्या बाजूमुळे. तू तिकडे बसून चेहरे वाचतेस. आम्ही इथे रोज त्यांना उचलतो, पुसतो, कुशीवर वळवतो. मी नऊला निघतो, सातला येतो, आल्यावर अंघोळीआधी त्यांचं करतो. तक्रार करत नाही. फक्त सांगतोय.

डाग ओलीचा आहे. टाकीच्या जोडावर थोडी गळती होती, ती मी बंद केली आणि खाली घमेलं ठेवलंय. कॅमेऱ्यात आहे त्यापेक्षा काळं दिसतं. त्या खोलीचं दार हल्ली बसत नाही, उचलून लावावं लागतं. ओलीने लाकूड फुगलं असणार. मी खालून रंधा मारला, दोन दिवस बरं होतं, पुन्हा अडायला लागलं. घर म्हटलं की हे चालायचंच.

तुला नेमकं हवंय ना? ते "बाळा" म्हणतात. दिवसभर तेच. झालं समाधान? तिसरी सीडी पाठवतोय. या वेळी त्याहून एक शब्द जास्त लिहिलेला नाही.

तुझा पिल्या


९ नोव्हेंबर

प्रिय पिल्या,

हे पत्र आधी पूर्ण वाच, मग राग धर.

काल मी चष्म्याच्या डबीचा पुठ्ठा कापून संगणकाच्या काचेवर तुझ्या पट्टीच्या जागी चिकटवला. तिन्ही सीडी पुन्हा पाहिल्या, खालचं काही न वाचता.

ओठांवरून वाचणाऱ्याला प, ब आणि म एकसारखे दिसतात. तिन्ही वेळा ओठ मिटतात आणि उघडतात. तुम्हाला आवाजातून फरक कळतो, मला नाही. पुढचं-मागचं बघून मी ठरवते. पहिल्या सीडीत खाली "बाळा" लिहिलेलं होतं म्हणून मला "बाळा" दिसलं. मला ते दिसायला हवं होतं, हेही तितकंच खरं.

पट्टी झाकल्यावर मी त्यांच्या ओठांऐवजी डोळे पाहिले. ते कॅमेऱ्याकडे बघतच नाहीत. तो शब्द म्हणताना ते वर बघतात. ज्या हाताला मी हात करणं समजत होते, त्या हाताचं बोट वर असतं. चिऊ येऊन बसली की आधी वर बघतात, मग तिच्याकडे, मग पुन्हा वर. ते "बाळा" म्हणत नाहीत. "माळा" म्हणतात. आणि पाणी प्यायला मागत नाहीत, म्हणून तर ग्लास ढकलतात. ते सांगतात की वरून पाणी येतं आहे. तो माणूस दिवसभर पाठीवर पडून दुसरं काय बघतो? त्या घरात माळ्याकडे सगळ्यात जास्त वेळ बघणारा तोच एक आहे.

मी मालकीणबाईंना शेजारी बसवलं आणि म्हटलं, ऐकून सांगा. त्यांनी कागदावर लिहून दिलं, "आवाजच नाही. नुसतं वाद्यसंगीत आहे." पिल्या, बहिरीसाठी केलेल्या सीडीतला आवाज तू का काढून टाकलास? हे मला समजत नाही, आणि आत्ता समजून घ्यायचंही नाही. नंतर बोलू.

आधी टाकी रिकामी कर. माळा उतरव. मालकीणबाई आज तुझ्या कारखान्यात फोन करून हाच निरोप ठेवणार आहेत. तिसऱ्या सीडीत तो डाग पलंगाच्या उशीपर्यंत आला आहे आणि ब्रॅकेटच्या खाली भिंतीवर एक रेघ आहे. दुसऱ्या सीडीत ती नव्हती. कडा आणि रेघा बघण्याचीच माझी नोकरी आहे.

तुझी ताई


९ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

हे पत्र तुझ्या शिवणशाळेच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवते आहे. पिल्याला दाखवलंस तरी चालेल, पण आधी सांगते ते कर.

बाबांचा पलंग आणि चिऊचा अभ्यास आजच्या आज बाहेरच्या खोलीत घे. त्या माळ्याखाली कुणीही बसायचं नाही. कारण काहीही सांग. उजेड हवा म्हण, डॉक्टर म्हणाले म्हण, माझ्यावर घाल. तो चिडेल. चिडू दे.

तू आणि मी फारशा कधी बोललो नाही. तुझ्या लग्नातही मी लांबच होते. तरी एवढं माझं ऐक.

तुझी वन्सं


१८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

फोनचा निरोप मिळाला. पत्र मिळालं. वहिनीला पाठवलेलंही तिने काल माझ्यासमोर ठेवलं. त्याआधीच तिने शेजारच्यांना बोलावून बाबांना बाहेर हलवलं होतं. मी खूप आरडाओरडा केला. माझ्या घरात माझ्या पाठीमागे, वगैरे. ती ऐकून घेत राहिली आणि चिऊची पुस्तकं बाहेर नेत राहिली.

आता तुला लिहितो ते एकदाच लिहिणार.

हो. ते "माळा"च म्हणतात. पहिल्या दिवसापासून. मला नीट ऐकू येतं, ताई.

माळा बांधला तेव्हाच ते म्हणाले होते, ही भिंत एवढं वजन घेणार नाही. तेव्हा धडधाकट होते, त्यामुळे शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मी लहानपणी पक्ष्याचं घर केलं तेव्हाही "पडेल" म्हणाले होते. सायकलला स्टँड केला तेव्हाही. दवाखान्यातून आल्यावर जीभ सैल झाली, आम्ही सगळे पलंगाभोवती उभे, आणि पहिला शब्द काय, तर "माळा". मला वाटलं, अंगातली सगळी ताकद गेली, टोमणा तेवढा शिल्लक राहिला.

सीडी करायला बसलो तेव्हा पट्टीवर खरं तेच लिहिलं होतं. मग विचार आला, इतक्या वर्षांनी ताईला बाबांचा एक शब्द जाणार, आणि तो काय, माझ्या माळ्याची निंदा? एक अक्षर बदललं. नुसतं एक. वर "कशी आहेस" आणि एक आशीर्वाद जोडला. दुकानात कुणी ऐकून सांगेल म्हणून आवाजाच्या जागी संगीत टाकलं. तुझं पत्र आलं. असं पत्र तू मला कधी लिहिलं नव्हतंस. मग मागे फिरता येईना, म्हणून आणखी लिहीत गेलो. लिहिता लिहिता मलाच बरं वाटायला लागलं. पट्टीवरचे बाबा मला आवडायला लागले होते.

टोमणा आहे असंच धरून चाललो होतो, म्हणून कधी वर पाहिलंच नाही. परवा शिडी लावून पाहिलं. ब्रॅकेटच्या मागची वीट ओली आहे. बोट लावलं तर भुगा झाला.

नवी सीडी आज वेगळी पोस्टात टाकतोय. सगळे तुकडे पुन्हा घेतलेत, आवाजासकट, आणि पट्टीवर जे आहे तेच. "माळा", "पाणी", "चिऊ ऊठ", "पडेल". एका ठिकाणी मला शिवी आहे, तीही लिहिली आहे. तुझं नाव त्यांनी घेतलेलं नाही. एकदाही नाही. हे तुला सांगायला नको होतं, पण आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय.

रविवारी माळा उतरवतो. दोस्त मदतीला येणार होता, तो बाहेरगावी गेलाय, पण एकट्याने होण्यासारखं आहे. आधी हलकं सामान, मग मोटारी, मग टाकी. घाई करणार नाही.

तुझा पिल्या


२४ नोव्हेंबर

प्रिय पिल्या,

पत्र आणि सीडी दोन्ही मिळाली. सीडी कालच पाहिली. पुठ्ठा काढून टाकला आहे, आता त्याची गरज नाही.

तुझं पत्र वाचून आधी मी इतकी संतापले की हातातलं भिंग फोडलं. मालकीणबाईंनी दुसरं दिलं. मग दिवसभर काम करत राहिले. संध्याकाळी पुन्हा वाचलं. "पट्टीवरचे बाबा मला आवडायला लागले होते" या ओळीशी थांबले. पिल्या, मलाही. दोघांना एकदमच आवडले म्हणायचे ते. तुझ्यावर राग धरायचा तर मला स्वतःवरही धरावा लागेल, आणि प्लास्टरच्या पायाने एवढं सगळं जमत नाही.

त्यांनी माझं नाव घेतलं नाही, हे कळलं. इतकी वर्षं नव्हतं, तेव्हाही मी जगलेच. मधे थोडे दिवस मिळाल्यासारखं वाटलं, तेवढंच. त्यांच्याकडे जेमतेम चार शब्द उरले होते आणि ते चारही त्यांनी नातीसाठी खर्च केले. माणूस बरा असला पाहिजे.

रविवार होऊन गेला. म्हणजे माळा एव्हाना खाली आला असेल आणि तू खोलीच्या मधोमध कमरेवर हात ठेवून, हे सगळं मीच केलं अशा ऐटीत उभा असशील. जन्मात एकदा तरी बाबांचं ऐकलंस म्हणायचं. त्याबद्दल तुझ्या गळ्यात हार घालायला हवा, आल्यावर मी स्वतः घालीन.

हो, मी येते आहे. प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. तिकीट काढायला सांगितलं आहे. बाबा माझ्याकडे पाठ करू शकणार नाहीत, कारण त्यांना वळवायचं तुमच्या हातात आहे.

तुझी ताई


२५ नोव्हेंबर

ती. वन्संना,

नमस्कार. हे पत्र बसून वाचा. शेजारी कुणी असेल तर त्यांना बसवून घ्या.

रविवारी ते गेले.

सकाळी लवकर सुरुवात केली. हलकं सामान उतरवलं, गाद्या मी अंगणात नेऊन टाकल्या. मोटारी एकेक करून त्यांनीच खांद्यावरून खाली आणल्या. मी म्हटलं, थोडं खाऊन घ्या. म्हणाले, टाकी तेवढी रिकामी करतो, मग बसू. टाकीला नळी लावून ती मोरीत सोडायची होती. नळी पुरत नव्हती, म्हणून ते खाली उतरून संगणकाचं टेबल बाजूला घेत होते. मी अंगणात होते. आवाज झाला. आत गेले तर दारातून पाणी बाहेर येत होतं, आणि दार उघडत नव्हतं. आजूबाजूची माणसं आली, त्यांनी दार तोडलं. माळा, टाकी, भिंतीचा वरचा भाग सगळं एका ठिकाणी होतं. त्यांना बाहेर काढलं तेव्हा काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, लगेच गेले असतील. ते तसं सगळ्यांनाच सांगतात की खरंच तसं झालं, मला माहीत नाही.

तुमच्या दुकानाचा नंबर त्यांच्या डायरीत होता आणि डायरी त्या खोलीत. शेजारचे काका तार करायला निघाले होते. मीच नको म्हटलं. तुम्ही परगावी एकट्या, पाय बांधलेला, आणि हातात दोन शब्दांचा कागद. तसं तुम्हाला कळू नये असं वाटलं. पण रोज लिहायला बसत होते आणि जमत नव्हतं. उशीर झाला, त्याबद्दल रागावू नका.

चिऊ बरी आहे. तेव्हा ती बाहेरच्या खोलीत बाबांपाशी होती. आधी ती रोज त्या वेळी त्याच टेबलाशी बसायची. बाबांचा पलंग होता ती जागा पूर्ण भरून गेली आहे. तुमचं पत्र आलं म्हणून मी दोन माणसं बाहेर काढू शकले. तिसरा माणूस मला हलवता येण्यासारखा नव्हता.

एक गोष्ट मनात ठेवणार नाही, लिहून टाकते. तुमचं पत्र आलं नसतं, तर त्या दिवशी ते त्या खोलीत नसते, असं माझ्या मनात आलं होतं. एकदाच नाही, बऱ्याचदा. मग चिऊ समोर येते आणि तो विचार तिथेच मोडतो. पण येतो.

बाबांना सगळं समजलंय. त्या दिवसापासून त्यांनी एकही शब्द काढलेला नाही. पाणीसुद्धा मागत नाहीत. तोंडाशी चमचा नेला की पितात, नाहीतर तसेच. समोरच्या दाराकडे बघत असतात. कुणी आलं की बघतात, मग पुन्हा डोळे मिटतात.

ती शेवटची सीडी पाठवेपर्यंत ते रोज तिच्यावर बसत होते. मला बोलावून विचारायचे, बाबा हे काय म्हणाले, नीट ऐक, मला चुकायचं नाही. मी सांगायची. तेवढे दिवस घरात बरं होतं.

तुमची भावजय


२८ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

हे पत्र कुरियरने पाठवते आहे, उद्या तुला मिळेल. मी परवा पोचते. दवाखान्यात जाऊन प्लास्टर आजच कापून घेतलं. डॉक्टर नको म्हणत होते. मालकीणबाई गाडीत बसवून द्यायला येणार आहेत. स्टेशनवर कुणालातरी पाठव, आणि त्यांना सांग, मागून हाका मारू नका, समोर येऊन उभे राहा.

तुझ्या मनात येतं ते माझ्याही मनात येतं. तू लिहिलंस ते बरं केलंस. मी त्याला "उतरव" लिहिलं. "माणसं लावून उतरव" असं लिहिलं नाही. एवढी पत्रं लिहिली आणि तेवढं लिहायचं राहिलं. याचं काय करायचं ते मला माहीत नाही. आपण दोघी एका घरात राहू तेव्हा कधीतरी कळेल, नाहीतर कळणार नाही. मी परत जाण्याचं तिकीट काढलेलं नाही.

बाबांना जबरदस्तीने बोलतं करू नका. त्यांच्या तोंडाशी बसून वाट बघायची मला सवय आहे.

एक काम मात्र आठवणीने कर. त्याच्या नावाचं माझं एक पत्र साध्या पोस्टाने निघालं आहे. कदाचित हे तुझ्या हातात पडेपर्यंत तेही आलेलं असेल. ते उघडू नकोस, चिऊच्या हाती लागू देऊ नकोस. त्यात मी त्याची थट्टा केली आहे. त्या दिवशी मला काहीच माहीत नव्हतं. बाजूला ठेव. मी आल्यावर मीच ते फोडीन, आणि ती एक ओळ सोडून बाकीचं बाबांना वाचून दाखवीन. माझा आवाज किती चढतो ते मला कळत नाही. फार मोठा झाला तर माझ्या हातावर हात ठेव, म्हणजे मी हळू वाचीन.

तुझी वन्सं